विद्यापीठाचा कारभार आणि विद्यार्थ्याची जागा : एक ऐतिहासिक मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा आग्रह संपादक मंडळाने धरला, तेव्हा प्रथम मनात संकोच होता. प्रस्तुत लेखक व्यवसायाने कापड व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी सोडली तर विद्यापीठाशी त्याचा अन्य संबंध नाही. परंतु गेल्या वर्षभरात ट्रस्टच्या सभांमध्ये एक सूचना वारंवार पुढे आली. पन्नास वर्षे आपण वह्या, पुस्तके आणि फी यांसाठी साहाय्य दिले. आता डहाणू-तलासरी परिसरात आपले स्वतःचे महाविद्यालय असावे, अशी ती सूचना होय. सूचना उदात्त आहे. इमारतीसाठी दाते पुढे येतील, याविषयीही शंका नाही. तथापि इमारत उभी राहिल्यानंतर संस्था चालते कशी, बिघडते कशी, आणि बिघडल्यास तिला वळणावर कोण आणते, या प्रश्नाचा विचार सभांमध्ये फारसा झाला नाही. त्याचे उत्तर इतिहासात शोधावे, या हेतूने हा अल्पसा प्रयत्न.

एका जैन व्यापाऱ्याचे दान

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. परंतु या भागातील उच्च शिक्षणाची नाळ मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहे. १८ जुलै १८५७ रोजी, उत्तरेत उठावाचा वणवा पेटलेला असताना, या विद्यापीठाची स्थापना झाली. प्रारंभीची काही वर्षे विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती. ती उणीव भरून काढणाऱ्यांमध्ये सुरतेचे जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळात, १८६४ साली, प्रेमचंदांनी ग्रंथालयासाठी २ लाख आणि आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचे वैभवही ओसरले. दान मात्र टिकले. १८६९ मध्ये सुरू झालेले मनोऱ्याचे बांधकाम १८७८ मध्ये पूर्ण झाले आणि २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर उभा राहिला. राजाबाईंची दृष्टी गेलेली होती. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम त्यांना घड्याळाच्या टोल्यांवरून पाळता यावा, म्हणून हा मनोरा बांधला, अशी आख्यायिका आपल्या समाजात आजही सांगितली जाते.

या दानाचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. मनोरा एकदाच बांधावा लागतो, घड्याळाकडे मात्र रोज लक्ष द्यावे लागते. दात्याचे काम जेथे संपते, तेथे कारभाऱ्याचे सुरू होते.

नियुक्तांच्या सभेपासून निवडणुकीपर्यंत

हा कारभार आरंभी कोणाच्या हाती होता? गव्हर्नर हे कुलपती, त्यांच्याखाली कुलगुरू आणि सरकारने नेमलेले फेलो, अशी १८५७ ची रचना होती. विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते. १८६२ साली पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. लॉर्ड कर्झन यांच्या १९०४ च्या कायद्याने अधिसभेची कमाल संख्या १०० ठरवली आणि त्यांतील निवडून येणाऱ्या सभासदांची संख्या अवघी २० ठेवली. बाकी जवळजवळ सारे नियुक्त! त्या काळी विद्यापीठांवर सरकारची पकड घट्ट करणारा कायदा म्हणून त्यावर टीका झाली, ती योग्यच होती.

पुढे १९२८, १९५३, १९७४, १९९४ आणि २०१६ असे एकामागून एक कायदे झाले. तपशील बदलत गेले, परंतु प्रवाहाची दिशा एकच होती. पदवीधर, प्राध्यापक, प्राचार्य आणि संस्थाचालक यांना अधिसभेत हळूहळू जागा मिळत गेली. कायद्यातील जागा आणि प्रत्यक्षातील जागा यांत अंतर असते, याचेही दाखले आहेत. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतील पदवीधरांच्या १० जागांची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर होऊन स्थगित झाली. अखेर उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती २४ सप्टेंबर २०२४ रोजी पार पडली. कोण निवडून आले, हा या लेखाचा विषय नाही. मतदानासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, एवढेच नोंदवावेसे वाटते.

आपल्या भूमीतील दोन धारा

विद्यापीठ सव्वाशे किलोमीटर दूर असले, तरी शिक्षणाच्या बाबतीत आपली भूमी मुळीच मागासलेली नव्हती. येथे दोन धारा वाहिल्या. पहिली बोर्डीची. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२० मध्ये बोर्डी येथे शाळा सुरू केली. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हे पारशी नाव ती आजही मिरवते. आचार्य भिसे यांच्यासारख्या ध्येयनिष्ठ शिक्षकांनी तेथे आयुष्य वेचले. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीतच ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, या विचाराने ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी वारली पाड्यांवर अंगणवाड्या भरवल्या. ही सेवेची धारा होय.

दुसरी धारा तलासरीची. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली बांधवांची सभा झाली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा सुरू झाला. त्याचे नेतृत्व कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी केले. गोदावरीबाई स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. त्या लढ्यात जमीनदार आणि सावकार या शब्दांनी ज्यांच्याकडे बोट दाखवले जात होते, त्यांत आपल्यासारख्या व्यापारी घराण्यांचाही समावेश होता, हे आज प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आज तलासरीत गोदावरीबाईंच्या नावाचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आदिवासी प्रगती मंडळ चालवते आणि ज्यांच्या आजा-पणज्यांनी वेठ केली त्यांची नातवंडे तेथे शिकतात. ही हक्काची धारा होय.

उपकृत केलेला मनुष्य सहसा गप्प राहतो आणि हक्काने आलेला प्रश्न विचारतो. आपला ट्रस्ट पहिल्या धारेतला आहे. दुसऱ्या धारेकडून आपण काय शिकावे, हा खरा प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांचा आवाज

विद्यार्थ्यांच्या चळवळीचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या सीमेपलीकडचेच आहे. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयात वसतिगृहातील भोजनाचा खर्च वाढला, म्हणून मुले रस्त्यावर आली. महागाईने गांजलेले नागरिक त्यांना मिळाले आणि पाहता पाहता त्याचे नवनिर्माण आंदोलन झाले. ९ फेब्रुवारी १९७४ रोजी मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. उंबरगाव-वापीकडे ज्यांचे नातेवाईक आहेत, अशा आपल्या अनेक कुटुंबांमध्ये त्या दिवसांच्या संचारबंदीच्या आठवणी अद्याप निघतात. भोजनाच्या बिलाची तक्रार वसतिगृहातच ऐकून घेतली गेली असती तर पुढचे किती टळले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हा आवाज नेहमीच न्यायाच्या बाजूने असतो, असे मात्र नव्हे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर विद्यार्थी दोन्ही बाजूंना उभे राहिले. नामांतरासाठी मोर्चे निघाले, तसेच विरोधाच्या नावाखाली दलित वस्त्याही जाळल्या गेल्या. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडले. एका नावासाठी साडेपंधरा वर्षे लागली आणि त्याची किंमत निरपराध माणसांनी मोजली.

मुंबईतही विद्यार्थी निवडणुकांना हिंसेचे गालबोट लागले. १९८९ साली एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने प्रत्यक्ष निवडणुका बंद करून गुणवत्तेच्या आधारे नियुक्त होणाऱ्या विद्यार्थी परिषदा आणल्या. महाविद्यालये शांत झाली, पण त्या शांततेबरोबर प्रश्न विचारण्याची सवयही गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या आणि उमेदवाराच्या खर्चाला ५००० रुपयांची मर्यादा घातली, तेव्हा धाक आणि पैसा वगळूनही निवडणूक होऊ शकते, हा विचार पुढे आला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. तरीही २०१९ साली त्या घेण्याची तयारी होऊन पुढे ढकलल्या गेल्या.

येथे एक वैयक्तिक गोष्ट सांगणे भाग आहे. वाणिज्य शाखेत शिकत असताना आमच्या महाविद्यालयात (त्याचे नाव येथे घेत नाही) ग्रंथालय दुपारी लवकर बंद होत असे. गाडीने दुरून येणाऱ्या मुलांना पुस्तक हाती लागेपर्यंत खिडकी बंद झालेली असे. आम्ही तीन दिवस वर्गांवर बहिष्कार टाकला. प्राचार्यांनी आम्हांस बोलावले, ग्रंथालयाची वेळ वाढवली, इतकेच नव्हे तर ग्रंथालय समितीवर विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी घेण्याचे मान्य केले. वर्गप्रतिनिधी या नात्याने ती जागा माझ्याकडे आली. मी घोषणा देण्यात सर्वांच्या पुढे होतो. समितीच्या बैठकीला मात्र एकदाच गेलो. दिवाळीचा हंगाम आला, दुकानात वडिलांना मदत हवी होती, मग लग्नसराई आली. वर्ष संपताना ग्रंथालयाची वेळ पुन्हा पूर्ववत झाली आणि पुढच्या वर्षी समितीवर विद्यार्थी नेमला गेला नाही. 'मागच्या वेळी नेमला होता, तो आला कोठे?' असे विचारले गेले म्हणे. या प्रश्नाला माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही. आंदोलनाने दार उघडते, हे खरे. पण उघडलेल्या दारातून आत जाऊन चिकाटीने बसावे लागते. ते मी केले नाही. माझ्यामागून गाडीने आलेल्या मुलांना बंद खिडकी मिळाली, ती काही अंशी माझ्यामुळे.

बाहेरचा डोळा : मूल्यांकन

कायदा जागा देतो आणि विद्यार्थी आवाज देतात. यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आली, ती बाहेरून होणाऱ्या तपासणीची. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही कल्पना मांडली आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच नॅक, स्थापन झाली. तिचे मुख्यालय बंगळूरू येथे आहे. संस्थेने प्रथम स्वतःचा अहवाल लिहायचा, मग बाहेरील तज्ज्ञांनी येऊन पडताळणी करायची आणि सात निकषांवर श्रेणी द्यायची, अशी ही पद्धत. २०१७ पासून विद्यार्थ्यांचे मत अजमावणारे सर्वेक्षणही तीत आले.

ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. प्रतिक्रमणात आपण स्वतःच्या दोषांची उजळणी करतो आणि गुरूंसमोर आलोचना करतो. आधी स्वतः पाहायचे, मग दुसऱ्यापुढे मांडायचे, हाच तो क्रम. फरक एवढाच की, आलोचनेत दोष सांगण्याची अपेक्षा असते, तर संस्थेच्या अहवालात दोष झाकण्याचा मोह होतो. समिती येणार म्हणून भिंतींना रंग लागतो, रांगोळ्या निघतात, वर्षभर न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते एका रात्रीत लिहिली जातात, अशा गोष्टी शिक्षणक्षेत्रातील स्नेह्यांकडून ऐकावयास मिळतात.

मुंबई विद्यापीठाचा अलीकडचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. २०१२ मध्ये विद्यापीठाला ३.०५ गुणांसह 'अ' श्रेणी मिळाली. तिची मुदत एप्रिल २०१७ मध्ये संपली आणि नूतनीकरण वेळेत झाले नाही. त्याच उन्हाळ्यात सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना सुरू करण्यात आली. कायद्याप्रमाणे निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागावयास हवेत. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, न्यायालयात याचिका झाल्या. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ज्या विद्यापीठाजवळ काही महिन्यांपूर्वीपर्यंत 'अ' श्रेणीचे प्रमाणपत्र होते, तेथे हे घडले. ताग्याच्या काठावर गिरणीचा शिक्का असला, तरी ताका उलगडून पाहिल्यावाचून जाणता व्यापारी माल घेत नाही. शिक्का कालच्या विणीची ग्वाही देतो. आज मागावर काय चालले आहे, ते त्याला ठाऊक नसते.

म्हणून शिक्का निरुपयोगी, असेही मानू नये. श्रेणी नसण्याचा भार शेवटी विद्यार्थ्यावरच पडतो. दूरस्थ शिक्षणाच्या परवानगीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने नॅकच्या गुणांची अट घातली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मान्यताप्राप्त संस्थांच्या पहिल्या यादीत मुंबई विद्यापीठाच्या दूरस्थ संस्थेचे नाव नव्हते. परवानगी पुढे मिळाली, पण मधल्या काळातील धाकधूक कोणाच्या वाट्याला आली? दिवसा दुकानात किंवा कारखान्यात काम करून रात्री अभ्यास करणाऱ्यांच्या! डहाणू-तलासरीतील अशी कितीतरी मुले-मुली आपण रोज पाहतो. २०२१ मध्ये विद्यापीठाने ३.६५ गुणांसह 'अ++' श्रेणी मिळवली, ही समाधानाची बाब होय.

तपासणाऱ्याची तपासणी कोण करणार, हा प्रश्नही उरतोच. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेला चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या तपासणी समितीतील व्यक्तींना अटक केली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. परंतु एकट्या बाहेरच्या डोळ्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून कळते.

आपल्यापुढील वाट

या सर्व इतिहासाचे सार काढावयाचे तर असे म्हणता येईल : कायद्याने दिलेली जागा, विद्यार्थ्यांचा आवाज आणि बाहेरचा डोळा, या तिन्ही गोष्टी एकमेकींना सावरतात. जागा नसली की आवाज रस्त्यावर जातो. आवाज नसला की जागा शोभेची ठरते. दोन्ही नसतील, तर बाहेरच्या तपासनीसाला आपण दाखवू तेवढेच दिसते. अनेकांताची शिकवण लाभलेल्या समाजाला हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

आपण महाविद्यालय काढलेच, तर २०१६ च्या कायद्यानुसार तेथे महाविद्यालय विकास समिती नेमावी लागेल. तिच्यावर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात आणि वर्षातून किमान ४ बैठका घ्याव्या लागतात. कायदा पाळला जाईलच. पण आपण त्यापुढे एक पाऊल टाकावे, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. बैठकीची वेळ गाडीची आणि एसटीची वेळ पाहून ठरवावी, म्हणजे पाड्यावरून येणाऱ्या मुलीलाही शेवटपर्यंत बसता येईल. इतिवृत्त मराठीत लिहून फलकावर लावावे. ट्रस्टच्या वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर आलेल्या तक्रारी आणि त्यांचे काय झाले, हेही वाचून दाखवावे.

आणि महाविद्यालय निघेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीच्या समितीवर पन्नास वर्षांत साहाय्य घेणारा एकही विद्यार्थी बसलेला नाही. त्या समितीवर मीही पुष्कळ वर्षे आहे, तेव्हा हा दोष माझाही आहे. साहाय्य घेणाऱ्याने हात जोडून रांगेत उभे राहावे आणि देणाऱ्याने टेबलामागे बसावे, ही रीत आपण कधी तपासलीच नाही. सुवर्णमहोत्सवाच्या सांगतेपूर्वी त्या टेबलाशी आणखी दोन खुर्च्या मांडाव्यात. त्यांवर बसणाऱ्यांपैकी एखादा माझ्यासारखा निघेल आणि दुसऱ्या बैठकीला येणार नाही. तेव्हा 'आला कोठे?' असे विचारून खुर्ची काढून न घेता, त्याला घरी जाऊन बोलावून आणावे. मला त्या वेळी कोणी बोलवावयास आले असते, तर कदाचित मी गेलो असतो.

ट्रस्टच्या पुढील वाटचालीस अंतःकरणपूर्वक शुभेच्छा. लेखनात जिनाज्ञेविरुद्ध किंवा कोणाचे मन दुखावेल असे काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.